शालीची बरणी

शाळेत त्याचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी तो नाकोबा. नाव पोरांनी ठेवलेलं, आणि पोरांनी ठेवलेलं नाव म्हणजे बोटाला लागलेला डिंक, धुतला तरी जात नाही. आधी ते पाठीमागे चाललं, मग तोंडावर आलं, आणि एकदा तर मुख्याध्यापिकाबाईच भर सभेत "ते नाकोबांना विचारा" असं बोलून गेल्या आणि मग स्वतःच ओशाळल्या. त्याला मात्र राग आला नाही. खरं सांगायचं तर मनातून थोडा अभिमानच वाटत होता.

नाक काही मोठं नव्हतं, पण तयार होतं. तो शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेचा सहायक. शिक्षकांनी शिकवायचं, मुलांनी प्रयोग करायचे, आणि त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं निस्तरायचं ते त्याने. द्रावणं बनवायची, बाटल्या भरून चिठ्ठ्या चिकटवायच्या, काचसामान धुवायचं, फुटलेलं वेगळ्या डब्यात टाकायचं, गॅसच्या तोट्या तपासायच्या. सकाळी कुलूप काढलं की तो लगेच आत शिरत नसे. दार उघडून उंबऱ्यावरच थांबायचा, दिव्याच्या बटणाला हात लावायच्या आधी एक लांब श्वास घ्यायचा, आणि त्या श्वासात त्याला आदल्या दिवसाची सगळी हकिगत कळायची. अमोनियाचं बूच सैल राहिलंय. कुणीतरी बेसिनमध्ये स्पिरिट ओतलंय. खिडकीजवळच्या टेबलावरची तोटी पुरती बंद झालेली नाही.

"काका, पोलिसांची कुत्री तुमच्याकडे शिकवणीला पाठवायला हवीत," असं रसायनशास्त्राच्या बाई म्हणायच्या. बाई वयाने लहान, शाळेत नव्या, आणि जिभेने तिखट. पण त्याने बनवलेलं द्रावण त्या पुन्हा तपासत नसत.

भिंतीवर एक पाटी होती, त्याच्याच हाताने रंगवलेली. आम्ल पाण्यात ओतावं, पाणी आम्लात ओतू नये. बाटलीला नाक लावू नये, हाताने वारा घेऊन वास घ्यावा. पाटीवर नसलेला एक नियम तो तोंडी सांगायचा, दरवर्षी, प्रत्येक वर्गाला. दिसलं तेवढंच लिहायचं. उत्तर माहीत आहे म्हणून न दिसलेला रंग वहीत लिहिला, तर त्याच्यासारखा भामटा दुसरा नाही. हा नियम त्याने घरी मुलीलाही लावला होता. ती पाचवीत असताना तिने थर्मामीटर न बघताच तापमान लिहून टाकलं होतं, आणि तिने रडून घर डोक्यावर घेतलं तरी त्याने ते सगळं खोडायला लावलं होतं.

घरी मात्र या नाकाचा कुणी मान ठेवत नव्हतं. बायको घरीच शिवणकाम करायची. तो संध्याकाळी दारात आला की मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "अहो, तिथेच थांबा. आधी हात धुवा. आज कसलं विष आणलंत अंगावर?"

"आज काही नाही. व्हिनेगर."

"म्हणजे लोणच्यासारखे आलात. जा, धुऊन या."

इतकी वर्षं रोज हेच. मग ती आजारी पडली. दुखणं लांबत गेलं, आणि एक दिवस एकदम आटोपलं. घरात मशीन राहिलं आणि तो राहिला.

तिचे कपडे तिच्या बहिणीने आवरले, कुणाकुणाला दिले. त्याने एक शाल मात्र ठेवून घेतली. मशीनवर बसताना ती खांद्यावर घ्यायची ती राखाडी शाल. तिला मशीनच्या तेलाचा वास होता, कापडावर खुणा करायच्या खडूचा होता, साबणाचा होता, आणि या सगळ्यांच्या खाली तिचा स्वतःचा होता, ज्याला नाव नाही. उशीतून तो आधी गेला. मग कपाटातून गेला. वास म्हणजे काही आठवण नव्हे, तो पदार्थ आहे, कणाकणाने उडून जातो, हे याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुसऱ्या कुणी शाल छातीशी धरली असती आणि रडत रडत तिचा वास संपवून टाकला असता. याने तिच्यासाठी बरणी आणली.

जीवशास्त्राच्या कपाटात नमुने ठेवायच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या असतात. त्यातली एक बुडाशी टवका उडालेली, म्हणून कधी वापरलीच नव्हती. ती त्याने मुख्याध्यापिकाबाईंना विचारून घरी नेली. बाईंनी कशाला हवी ते विचारलं नाही, आणि तेव्हापासून बाईंबद्दलचं त्याचं मत बरंच सुधारलं. शाल घडी करून आत ठेवली. काठाला व्हॅसलीन लावलं, काचेचं जाड झाकण ठेवलं आणि हलकेच फिरवत राहिला. मधे हवा राहिली की काठ पांढुरका दिसतो. झाकण नीट बसलं की काच आरपार स्वच्छ होते. तशी होईपर्यंत त्याने हात काढला नाही.

दर रविवारी सकाळी तो झाकण बोटभर सरकवायचा. नाक दूर ठेवायचा आणि हाताने थोडासा वारा आपल्याकडे घ्यायचा. ती यायची. मग लगेच झाकण बंद. आणखी एकदा घेऊ म्हणून मन हट्ट धरायचं, पण तो तसा उधळा नव्हता. त्या एका वाऱ्यावर त्याचा आठवडा निघायचा. हे खुळं वाटत असेल तर वाटू दे. माणसं याहून खुळ्या गोष्टींवर जगतात.

थंडीच्या सुरुवातीला त्याला सर्दीतापाने गाठलं. चांगलाच आडवा झाला. उठला, शाळेत जायला लागला, आणि रविवारी त्याने झाकण सरकवलं.

काही नाही.

त्याने आणखी सरकवलं, वारा घेतला. काही नाही. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःच्या पाटीवरचा नियम मोडला आणि अख्खं तोंड बरणीत घातलं. काच गार लागली. बाकी काही नव्हतं.

पण तो शेवटी प्रयोगशाळेचा माणूस. पदार्थाला दोष देण्याआधी उपकरण तपासायचं, हे त्याला कळत होतं. सोमवारी शाळेत गेल्यावर त्याने अमोनियाची बाटली काढली, बूच उघडून वारा घेतला. नाकात झणका गेला, डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे नाक ठीक होतं. म्हणजे शालीतलाच वास संपला होता. पडताळणी झाली, निष्कर्ष निघाला. इथेच तो चुकला, आणि अशी चूक दुसऱ्या कुणी केलीच नसती, कारण दुसऱ्या कुणाला आपलं नाक अमोनियावर तपासायचं सुचलंच नसतं.

त्या संध्याकाळी त्याने शाल बाहेर काढली. आता जपायचं काय होतं? निदान ऊब तरी मिळेल. त्याने ती खांद्यावर घेतली आणि त्या थंडीत खाली ठेवली नाही. पेपर वाचताना, भात टाकताना, निजताना ती अंगावरच असायची. जेवणाला चव लागत नव्हती. पण बायको गेलेल्या माणसाला जेवण गोड कसं लागणार? शेजारणीही तेच म्हणायच्या. त्यामुळे त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

शाळेत एकदा कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या वायूचा प्रयोग होता. खिडक्या उघड्या होत्या, तरी पोरं नाकं धरून बाहेर पळाली. हा आपला शांतपणे नळ्या धूत उभा. "काका म्हणजे लोखंड आहेत," असं कुणीतरी म्हणालं, आणि तो चक्क खूश झाला.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. सकाळी त्याने कुलूप काढलं, उंबऱ्यावर थांबला, लांब श्वास घेतला आणि आत गेला. लख्ख ऊन होतं म्हणून दिवा लावला नाही. पहिल्याच तासाला प्रयोग होता. बर्नर नीट पेटतोय का बघायला त्याने काडेपेटी काढली, तिच्यातून काडी काढली.

"काका."

दारात रसायनशास्त्राच्या बाई होत्या. आवाज अगदी हळू.

"काडी ओढू नका. तशीच ठेवा."

त्या आत आल्या, भिंतीवरची गॅसची मुख्य चावी बंद केली, एकेक करून खिडक्या उघडल्या, मग त्याच्या हातातून काडेपेटी काढून घेतली. खिडकीजवळच्या टेबलावरची तोटी अर्धी उघडी होती.

"तुम्हाला वास नाही आला?"

"नाही."

"अहो, खाली जिन्यापर्यंत येतोय."

तो बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला. खालून पोरांचा गलका वर यायला लागला होता. जिना चढून ती इथेच येणार होती, खांद्यावर दप्तरं, एकमेकांना ढकलत. आणि त्याच वेळी, लाज वाटावी अशा वेळी, त्याच्या मनात दुसरा विचार आला. नाक गेलं असेल तर त्या रविवारी शालीतला वास गेलेला नव्हता. ती बरणीत होती. त्याला कसला तरी आनंद झाला, आणि तो पुरता होण्याआधीच त्याला आठवलं की शाल बरणीतून बाहेर कुणी काढली.

अमोनियाचंही मग लक्षात आलं. अमोनियाला वास असतो तसा तो झोंबतोही. वास कळेनासा झाला तरी झोंबणं राहतं. कांदा चिरला की आंधळ्याच्या डोळ्यालाही पाणी येतंच. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि त्याने तेवढ्यावरून नाकाला पास केलं होतं.

त्या संध्याकाळी घरी गेल्या गेल्या, चपलाही न काढता, त्याने शाल घडी करून बरणीत घातली. व्हॅसलीन लावलं. काच स्वच्छ होईपर्यंत झाकण फिरवलं. त्यानंतर बरणीला हात लावला नाही.

नाकाच्या डॉक्टरांनी तपासलं. तापात नस गेली म्हणाले. कधी कधी परत येते म्हणाले. हे म्हणताना ते आपल्या पेनाकडे बघत होते, आणि माणूस पेनाकडे बघून बोलायला लागला की काय समजायचं ते त्याने समजून घेतलं.

रसायनशास्त्राच्या बाईंनी त्याला सांभाळून घ्यायचं ठरवलं होतं. "काका, मी रोज लवकर येईन. दार उघडलं की वास मी घेईन. बाकी सगळं तुम्हीच करा. कुणाला कळायचं कारण नाही."

"आणि तुम्हाला सर्दी झाली की?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हाचं तेव्हा बघायची ही जागा नाही, बाई."

तो मुख्याध्यापिकाबाईंकडे गेला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांनी त्याला आधी बसवलं. गॅसची सूचना देणारं यंत्र बसवून घेऊ म्हणाल्या. तो म्हणाला, जरूर बसवा, पण यंत्राला सैल बूच कळत नाही, नवीन माणूस घ्या. मग त्या म्हणाल्या, ग्रंथालयात या, तिथे तुमच्यासारखा टापटिपीचा माणूस हवाच आहे. मान राखून बोलल्या, आणि त्या मानाचंच त्याला जास्त लागलं. किल्ल्यांचा जुडगा त्याने त्यांच्या टेबलावर ठेवला. ग्रंथालयातही पोरं त्याला नाकोबाच म्हणायची. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नाही.

सुट्टी लागली तशी मुलगी आली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. नाकाचं तिला फोनवर कळलं होतं, बरणीचं नव्हतं. पहिल्या दिवशी ती मशीन पुसत बसली, दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या आमटीत मीठ किती जास्त पडतं ते त्याला चाखून दाखवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला हाक मारली.

"पोरी, जरा इकडे ये. तुझ्या नाकाचं काम आहे."

टेबलावर दोन बरण्या होत्या. एक त्याची. दुसरी तशीच, शाळेतून चार दिवसांसाठी मागून आणलेली. दोन्हींत राखाडी घडी.

"बाबा, हे काय चाललंय?"

"प्रयोग. कुठल्या बरणीत काय आहे ते मी सांगणार नाही. सांगितलं की नाक कानाचं ऐकतं. झाकण बोटभर सरकवायचं, वारा घ्यायचा, आणि काय येतं ते सांगायचं."

तिला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा बघून ती हसली नाही. तिने पहिलं झाकण सरकवलं. नाक दूर ठेवून हाताने वारा घेतला, अगदी पाटीवर लिहिल्यासारखा.

"काही नाही. नवं कापड. थोडी खळ."

"बरं. बंद कर. आता दुसरी."

तिने दुसरं झाकण सरकवलं. वारा घेतला. थांबली. पुन्हा घेतला. आणि तिचे डोळे भरून आले.

जन्मभर त्याने लिटमसचे कागद बुडवले होते. रंग बदलायला लागला की कडेपासून कसा चढत जातो ते त्याला पाठ होतं. तिच्या चेहऱ्याकडे तो तसाच बघत होता, आणि त्याची खात्री पटली. त्याला स्वतःला काही मिळालं नव्हतं, पण तिला मिळालं होतं, म्हणजे ते होतं. त्याला तेवढं पुरलं असतं.

"आली ना?" त्याने विचारलं. "आई आली ना?"

मुलीने त्याच्याकडे बघितलं. मग बरणीकडे. तेव्हा तिला कळलं की आत काय आहे आणि तो कशाची वाट बघतोय.

"थांबा," ती म्हणाली. तिने झाकण पुरतं काढलं, वाकली, आणि तोंड आत घातलं. त्याने तिला अडवलं नाही. बराच वेळ ती तशीच राहिली.

"खाली असेल बघ," तो म्हणाला. "वर वर नसेल. मशीनचं तेल. खडू."

ती सरळ झाली. एकच शब्द होता. 'आली' एवढंच म्हणायचं होतं तिने. दुसऱ्या कुणाचीही लेक म्हणाली असती, आणि त्यात काही पापही नव्हतं. पण ही त्याच घरात वाढलेली, त्याच टेबलावर न बघितलेलं तापमान खोडलेली.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "आईचा नाही येत."

"मग तुझे डोळे?"

"तुमचा येतोय. नुसता तुमचा. ही तुम्ही वापरलीत ना?"

"थंडीभर," तो म्हणाला.

मग तो खुर्चीत बसला. हात धुऊन आल्यावर टॉवेल शोधावा तसे त्याचे हात उगीचच हलत होते. उशीतून ती गेली तेव्हा त्याचा इलाज नव्हता. कपाटातून गेली तेव्हाही नव्हता. पण इथे त्याने तिला काचेत बंद करून ठेवली होती, आणि मग स्वतःच्या हाताने झाकण काढून रोज थोडी थोडी पुसून टाकली होती. तिचा आधार म्हणून शाल पांघरली, आणि तिच्यावर स्वतःला चढवलं. तो मोठ्याने रडला. बायको गेली तेव्हाही असा रडला नव्हता. तेव्हा माणसं होती, कामं होती. मुलगी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी यायचात ना, आणि आई तुम्हाला दारातच थांबवायची. तुम्ही हात धुवायला जायच्या आधी मी येऊन पायाला मिठी मारायचे. आठवतं?"

"हो. आई ओरडायची."

"तोच वास आहे हा. स्पिरिट, साबण, आणि कसलं तरी जळकं. मला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांना असा येतो."

त्याला स्वतःचा वास कधीच आला नव्हता. नाक होतं तेव्हाही नाही. तो कुणालाच येत नाही.

सुट्टी संपली. निघायच्या दिवशी मुलीने बॅग भरली आणि मग टेबलापाशी येऊन उभी राहिली. बरणीकडे न बघता तिने विचारलं, "बाबा, ही मी नेऊ?"

ती का मागतेय ते त्याला लगेच कळलं. तिलाही कळलं की त्याला कळलंय. दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं. बायकोची म्हणून घरात ती एकच शाल होती, आणि त्याच्या मनात नाही म्हणायचं होतं. पण त्याला तरी तिचा आता काय उपयोग होता? त्याने शाल बरणीतून काढून एकदा अंगभर घट्ट लपेटून घेतली, थोडा वेळ तसाच बसला, मग घडी केली आणि आत ठेवली. जुनं व्हॅसलीन फडक्याने पुसलं, नवीन बोटावर घेऊन काठावरून फिरवलं, झाकण ठेवलं. काठ पांढुरका दिसत होता. तो हलक्या हाताने फिरवत राहिला, काच स्वच्छ होईपर्यंत.

बरणी त्याने दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली.

"रोज उघडू नकोस," तो म्हणाला. "संपतो."